बारा दिवस झाले डिप्रेशनची गोळी सुरू करून. आत नक्की काय चालू असतं?

गोदाकाठची | ३ सप्टेंबर, रात्री ११.५२

मंडळी, मी एरवी पाककृतींच्या धाग्यांवर सापडते, त्यामुळे हा धागा बघून काही जण दचकतील. दचका, पण उत्तरं द्या.

फेब्रुवारीपासून पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग छताकडे बघत पडून राहायचं. पतसंस्थेत एकच रकाना तीनदा तपासते. रविवारी घरातले मिसळ खायला निघाले की 'तुम्ही जा, मी झोपते' म्हणायचं आणि झोपायचं नाही. जेवणाला चव नाही. रडूही येत नाही, आलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी कॉलेज रोडच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी थायरॉइड आणि बी१२ तपासायला लावलं. दोन्ही ठीक निघालं. मग एसिटॅलोप्राम, सात दिवस ५ मिलिग्रॅम, नंतर १०. रात्री क्लोनाझेपामची अर्धी गोळी, तीही दोनच आठवडे. बाहेर ही रांग लागलेली, त्यामुळे 'तीन-चार आठवडे द्या' एवढं एकच वाक्य माझ्या वाट्याला आलं.

आज बारावा दिवस. मळमळतं, सारख्या जांभया येतात, आणि धडधड आधीपेक्षा जास्तच आहे. भाऊ म्हणतो सवय लागेल, आत्ताच बंद कर. सासूबाईंच्या मावसबहिणीने त्र्यंबकला नारायण नागबळीची चौकशीसुद्धा करून ठेवली आहे.

माझा प्रश्न साधा आहे. ही गोळी मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवते म्हणतात, आणि ते पहिल्याच दिवशी वाढतं म्हणतात. मग मला बरं का वाटत नाही?

---

खवचट_खंडू | ४ सप्टेंबर, सकाळी ७.१०

जाणकार येईपर्यंत एवढंच सांगतो, ताई: भावाचं ऐकून काही बंद करू नका. प्रत्येक घरात एक भाऊ असतोच ज्याला सगळ्या औषधांची 'सवय लागते' हे माहीत असतं. आमच्याकडचा तर बीपीची गोळीही एकादशीला घेत नाही.

---

मेडिकलवाला_पंचवटी | ४ सप्टेंबर, दुपारी २.३५

गेली १९ वर्षं काउंटरवर उभा आहे. डॉक्टर नाही, म्हणून माझ्या हद्दीतलंच बोलतो.

'सवय लागते' हे कुठून आलं ते मला रोज दिसतं. गोदाकाठचीताईंना दोन गोळ्या दिल्या आहेत आणि त्या दोन्ही अगदी वेगळ्या जातीच्या आहेत. क्लोनाझेपाम घेतली की अर्ध्या-एक तासात शांत वाटतं. महिनोन्‌महिने घेतली तर शरीराला खरंच तिची सवय होते, तेवढाच डोस पुरेनासा होतो आणि एकदम थांबवली तर अवघड जातं. म्हणून ती दोनच आठवडे दिली आहे, दुसरी गोळी लागू पडेपर्यंत टेकू म्हणून. एसिटॅलोप्राम घेऊन मात्र कोणाला 'चढत' नाही. अजून एक द्या म्हणून तिच्यासाठी कोणी काउंटरवर गयावया करत नाही. क्लोनाझेपामसाठी करतात, मळकी, दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून.

गोंधळ वाढतो तो आणखी एका कारणाने. आपल्याकडे ही दोन्ही औषधं एकाच गोळीत घातलेलीही मिळतात. माणूस वर्षभर 'डिप्रेशनची गोळी' घेतो, सोडताना त्रास होतो आणि खापर फुटतं एसिटॅलोप्रामवर. म्हणून स्ट्रिपच्या मागे बघा. दोन नावं असतील तर ते डॉक्टरांना विचारा आणि क्लोनाझेपाम कधी थांबवायची तेही विचारून घ्या.

मळमळीसाठी: गोळी उपाशीपोटी घेत असाल तर नाश्त्यानंतर घ्या. आणि अंगदुखीसाठी ट्रॅमाडॉल किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. पहिल्याने सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊ शकतं, दुसऱ्याने पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मेडिकलवाल्याला 'ही गोळी चालू आहे' एवढं सांगायला लाजू नका. आम्ही कोणाला सांगत नाही हो.

---

तिसरा_मजला | ४ सप्टेंबर, रात्री १०.२०

मी मनोविकार विभागात काम करतो. ताई, तुमची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे डोसबद्दल काही बोलणार नाही. पण प्रश्न इतका नेमका आहे की उत्तर द्यावंसं वाटलं.

मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते, समोरचीला निरोप पोचतो, आणि काम झालं की पहिली पेशी ते एका पंपाने परत आत ओढून घेते. एसिटॅलोप्राम जाऊन बसतं ते या पंपावर. ओढणं मंदावतं, फटीत सेरोटोनिन जास्त वेळ राहतं. हे काही तासांत होतं, तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे.

आता तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकी भरत आली की बॉलकॉक वर येतो आणि येणारं पाणी बंद करतो. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवरही असेच बॉलकॉक असतात. आजूबाजूला सेरोटोनिन वाढलेलं दिसलं की ते पेशीला सांगतात, 'पुरे, आता सोडू नकोस.' म्हणजे गोळी एका बाजूने परत ओढणं थांबवते, तर शरीर दुसऱ्या बाजूने सोडणंच कमी करतं. पहिले दिवस ही रस्सीखेच चालते. दोनेक आठवड्यांत ते बॉलकॉक हळूहळू ढिले पडतात, आणि मग कुठे प्रवाह खऱ्या अर्थाने वाढतो.

पण उशिराचं सगळं कारण यातही नाही. सेरोटोनिन ही नुसती पहिली ढकल आहे. त्यानंतर पेशींच्या आत जनुकं चालू-बंद होतात, बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं, ते पेशींच्या फांद्यांसाठी खतासारखं काम करतं. दीर्घकाळच्या ताणाने मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या जोडण्या विरळ होतात असं दिसलं आहे, आणि ही औषधं तिथे नव्या जोडण्या करण्याची क्षमता परत आणतात. २००३ साली उंदरांवरचा एक प्रयोग गाजला होता: त्या भागात नव्या पेशी तयार होणं किरणोत्सर्गाने रोखलं, तर औषधाचा वागणुकीवरचा परिणामही नाहीसा झाला. माणसांमधे गणित इतकं सरळ नाही, पण दिशा कळते. फांदी फुटायला वेळ लागतो.

आणि आता मळमळ. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं. गोळीला पत्ता कळत नाही, ती दोन्हीकडे जाते. पोट पहिल्या दिवशी तक्रार करतं, मन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दाद देतं. म्हणून पहिल्या पंधरवड्यात माणसाच्या पदरी फक्त त्रास पडतो, आणि याच पंधरवड्यात बरेच जण गोळ्या सोडतात. ओपीडीत मला सगळ्यात जास्त चुटपुट याचीच लागते. दोन मिनिटं जास्त बोललो असतो तर हा माणूस थांबला असता, असं वाटत राहतं. पण बाहेर रांग असते.

धडधड सुरुवातीला वाढू शकते. पण ती सहन होत नसेल, अस्वस्थतेने एका जागी बसवत नसेल, किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर चार आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. विशेषतः पंचविशीच्या आतल्यांमधे सुरुवातीचे आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २००४ मधे मुलांबाबत तसा ठळक इशारा या औषधांवर छापायला लावला, आणि २००७ मधे तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. रात्री-अपरात्री कोणीच नसेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

---

गोदाकाठची | ४ सप्टेंबर, रात्री ११.०५

तसे विचार नाहीत. खरंच नाहीत. विचारल्याबद्दल मात्र बरं वाटलं, घरात हे कोणी विचारलंच नव्हतं.

बॉलकॉक समजला. आमच्या सोसायटीचा कायम बिघडलेला असतो.

---

पुरावा_द्या | ५ सप्टेंबर, सकाळी ९.४४

डॉक्टरांनी छान चित्र काढलं, पण २०२२ मधे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या सगळ्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितलंय की सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येतं याला सातत्यपूर्ण पुरावा नाही. मग जे कमी झालेलंच नाही ते वाढवायची गोळी इतकी वर्षं कशाला विकतात? कंपन्यांचं कल्याण, दुसरं काय.

---

तिसरा_मजला | ५ सप्टेंबर, रात्री ९.१५

आढावा खरा आहे आणि त्याचा तेवढा निष्कर्ष मला मान्य आहे. 'मेंदूतलं रसायन कमी झालंय, गोळीने भरून काढू' ही गोष्ट आम्ही डॉक्टरांनीच सोपी म्हणून वर्षानुवर्षं सांगितली. ती चूक होती. धडधाकट माणसाच्या शरीरातलं सेरोटोनिन आहाराचे प्रयोग करून कमी केलं तरी तो सहसा उदास होत नाही, हे त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

पण आजार कशाने झाला आणि औषध कशाने लागू पडतं हे दोन निराळे प्रश्न आहेत. प्लास्टरने हाड जुळतं, म्हणून प्लास्टर कमी पडल्याने हाड मोडलं असं कोणी म्हणत नाही. औषध लागू पडतं का हे माणसांवर तपासायचं असतं, आणि ते तपासलेलं आहे. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र मांडल्या, १,१६,४७७ माणसं. एकवीसही औषधं, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली.

आता तुमच्या बाजूचंही बोलतो. हा सरासरी फरक माफकच आहे, डोळे दिपवणारा नाही. खोट्या गोळीनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं. अमेरिकेतल्या 'स्टार-डी' अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले साधारण एक-तृतीयांशच होते, बाकीच्यांना औषध बदलावं किंवा जोडावं लागलं. नैराश्य सौम्य असेल तर ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार सरसकट गोळीने सुरुवात करायचीच नाही, आधी समुपदेशन, व्यायाम वगैरे. गोळीचा खरा उपयोग मध्यम-तीव्र आजारात दिसतो. गोदाकाठचीताईंचं वर्णन वाचून त्यांच्या डॉक्टरांनी उगीच गोळी दिली असं मला तरी वाटत नाही.

---

देवळालीचा_म्हातारा | ६ सप्टेंबर, पहाटे ५.३०

अवांतर, पण अगदीच नाही.

नैराश्याचं पहिलं औषध मुळात कोणी शोधलं नाही, ते सापडलं. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर सी व्ह्यू नावाच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात इप्रोनियाझिड हे क्षयाचं औषध देऊन बघत होते. अंथरुणाला खिळलेले क्षयरोगी एकाएकी हसू-बोलू लागले, वॉर्डात नाचू लागले. फुफ्फुसाचं औषध द्यायला गेले आणि मन उठून बसलं. १९५७ मधे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाईन यांनी तेच औषध उदास रुग्णांना दिलं. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधे रोलंड कून स्किझोफ्रेनियासाठी इमिप्रॅमिन वापरून बघत होते. त्या आजारावर ते फसलं, पण उदास रुग्णांवर चाललं. 'हे असं का होतं' याचा शोध घेताना सेरोटोनिन आणि त्याची भावंडं पुढे आली. म्हणजे आधी वरात, मग लग्नाची बोलणी. प्रोझॅक या नावाने गाजलेल्या फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९८७ च्या डिसेंबरात.

आमच्या देवळालीलाही हवापालटाची सॅनिटोरियमं होती, म्हणून ही क्षयाच्या वॉर्डाची गोष्ट मला जवळची वाटते. आणि मनाच्या आजाराशी आमच्या गावाचं जुनं नातं आहे. इंग्रजीत वेडगळ माणसाला 'डूलॅली' म्हणतात ते देवळालीवरूनच. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई इथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहायचे, काही करायला नाही, ऊन आणि ताप. पार खचायचे बिचारे. पुढे शब्द राहिला, माणसांची नावं गेली.

---

शांत_मन | ६ सप्टेंबर, सकाळी ११.०२

ताई, इगतपुरी आपल्या उशाशी आहे. गोळ्या बाजूला ठेवा आणि धम्मगिरीला दहा दिवस विपश्यना करून या. मी स्वानुभवाने सांगतो.

---

मेडिकलवाला_पंचवटी | ६ सप्टेंबर, दुपारी १.२०

मीही दोनदा जाऊन आलोय, म्हणून सांगतो. त्यांच्या अर्जातच विचारतात, मानसिक आजार आहे का, कुठली औषधं चालू आहेत. ते लपवू नका असं तेच बजावतात. दहा दिवस मौनात स्वतःच्या विचारांसोबत बसणं आजारातल्या माणसाला पेलतंच असं नाही. बरं झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, जरूर जा. 'गोळ्या बाजूला ठेवा' हे वाक्य तेवढं मागे घ्या.

---

द्राक्षवाला_निफाड | ७ सप्टेंबर, रात्री ८.४०

डॉक्टरसाहेबांनी फांदी फुटायला वेळ लागतो म्हटलं आणि मला राहवेना.

आम्ही एप्रिलमधे खरड छाटणी घेतो. वेल बोडका करून टाकतो, नवखा माणूस बघून म्हणेल बाग गेली. मग नवी काडी येते, आणि पुढच्या हंगामाचा घड त्या काडीच्या डोळ्यात उन्हाळ्यातच धरला जातो. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी केली, डोळा फुटला, की कळतं आत घड होता का नुसताच पाला. मधले पाच महिने औषध-पाणी करायचं ते न दिसणाऱ्या घडासाठी.

२०१४ च्या मार्चमधे गारपिटीने आमची काढणीला आलेली बाग झोपली. वडील त्यानंतर बोलेनासे झाले. मळ्यात जायचे, बांधावर बसायचे, परत यायचे. नाशिकला दाखवलं, अशीच गोळी दिली. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही. पाचव्या आठवड्यात एक दिवस मजुरांवर ओरडल्याचा आवाज आला. आई चुलीपुढून उठली आणि ओट्यावर येऊन रडायला लागली. मजूर घाबरले, आम्ही हसत होतो.

मग चूक केली. दोन महिन्यांत ठणठणीत झाले म्हणून गोळी बंद केली, कोणाला न विचारता, एका दिवसात. आठवड्यात चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. ते गेले, पण दिवाळीनंतर पहिल्यापेक्षा जास्त खाली गेले. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी बरं वाटल्यावर पुढे नऊ महिने गोळी चालू ठेवली आणि हळूहळू उतरवली. आता ठीक आहेत. ओरडतात अजून.

---

अनामिक_सिडको | ७ सप्टेंबर, रात्री ११.५८

दुसरा आयडी काढून लिहितोय. एक विषय कोणी काढत नाही म्हणून. गोळीने मन सावरलं पण नवरा-बायकोच्या बाबतीत सगळं थंड पडलं. चार महिने मला वाटत होतं माझ्यातच काही बिघडलंय. डॉक्टर बाई होत्या, सांगायची लाज वाटली. शेवटी मीच गोळी सोडली आणि पुन्हा घसरलो.

---

तिसरा_मजला | ८ सप्टेंबर, रात्री १०.३२

तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. हा या औषधांचा अगदी नेहमीचा परिणाम आहे, स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. आम्हीच आधी सांगायला हवं, आम्ही सांगत नाही. डोस कमी करता येतो, बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिन यांसारखं ज्यात हा त्रास कमी असतो असं औषध देता येतं. बोलायला अवघड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून टेबलावर सरकवा. खरंच. माझ्याकडे तशा चिठ्ठ्या येतात.

सोडण्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण निफाडकरांचा अनुभव खूप जणांना येतो. १० मिलिग्रॅमवरून ५ वर आलं की परिणाम अर्धा होत नाही, कारण थोड्या औषधानेच बहुतेक पंप व्यापलेले असतात. त्यामुळे १० वरून ५ सोपं जातं आणि ५ वरून शून्य ही मोठी उडी ठरते. शेवटच्या पायऱ्या सगळ्यात बारीक हव्यात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन सोडताना जास्त त्रास देतात. फ्लुऑक्सेटिन शरीरातून इतकं सावकाश जातं की ते स्वतःच स्वतःला उतरवतं म्हणा ना. या त्रासाला व्यसन म्हणत नाहीत, पण त्रास खोटा असतो असंही नाही. 'काही होत नाही, बंद करा' म्हणणाऱ्या डॉक्टरांशीही माझं भांडण आहे.

आणि सगळ्यांसाठी एक: पूर्वी कधी आठवडाभर झोप न लागताही प्रचंड उत्साह, वारेमाप खर्च, सुसाट बोलणं असं झालं असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा. तो बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी अतिउत्साह असा आजार असू शकतो, तिथे नुसती ही गोळी माणसाला दुसऱ्या टोकाला फेकू शकते.

---

पुरावा_द्या | ९ सप्टेंबर, सकाळी ८.५०

प्लास्टरची उपमा मान्य. माफक फरकाचं तुम्हीच कबूल केलंत, तेही मान्य. कंपन्यांबद्दलचं मत राखून ठेवतो.

एक शंका आहे. गोळी एकटी काम करते का? म्हणजे मी घरी तोंड फिरवून पडून राहिलो तरी जोडण्या फुटतील?

---

तिसरा_मजला | ९ सप्टेंबर, रात्री ९.४०

हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि तो तुमच्याकडून यावा याची मौज वाटली.

ऑक्सफर्डच्या कॅथरिन हार्मर यांनी दाखवलं की औषध सुरू केल्यावर मनःस्थिती बदलण्याच्या कितीतरी आधी, अगदी पहिल्या काही दिवसांत, माणसाची नजर बदलते. चेहऱ्यांचे फोटो दाखवले तर त्यातले आनंदी भाव थोडे जास्त ओळखू येतात, भीतीचे-रागाचे भाव पूर्वीइतके अंगावर येत नाहीत. माणसाला स्वतःला मात्र काहीच जाणवत नाही. तो म्हणतो, जैसे थे. पण रोजच्या बारीकसारीक गोष्टी थोड्या वेगळ्या नजरेने आत जात राहतात आणि कित्येक आठवड्यांनी त्यांचा साठा मनाला कळतो. आता खोलीचं दार लावून बसलं तर आत जायला असणार काय? म्हणून आम्ही गोळीसोबत समुपदेशन सांगतो, सोमेश्वरपर्यंत चालून या म्हणतो, माणसांत बसा म्हणतो.

---

गोदाकाठची | १४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

धागा वर काढते आहे. आज त्रेपन्नावा दिवस.

मळमळ तिसऱ्या आठवड्यात गेली. क्लोनाझेपाम ठरल्याप्रमाणे बंद झाली, दोन रात्री वाईट गेल्या, मग ठीक. जाग आता पावणेपाचला येते, त्याला मी प्रगती धरते. संध्याकाळी पाच ते सात अजून जड जातात, का ते कळत नाही. दर शनिवारी समुपदेशकांकडे जाते. पहिल्या दोन वेळा नुसती बसून होते. भाऊ हा धागा वाचून गेला. काही बोलला नाही, पण परवा औषध संपत आलंय का म्हणून त्यानेच विचारलं. नागबळी झाली नाही, तिचा खर्च ऐकून सासूबाईंनीच विषय मिटवला.

परवा रविवारी मिसळ खायला गेलो. पहिला घास घेतला आणि मी म्हणाले, रस्सा खारट आहे. नवऱ्याने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला. मला आधी कळेचना काय झालं. फेब्रुवारीपासून मी कशाला खारट म्हटलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले १० वरच राहू. निफाडकर, छाटणी झाली का?

---

द्राक्षवाला_निफाड | १५ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

निम्मी झाली ताई. पहिल्या प्लॉटचा डोळा फुगलाय. परतीच्या पावसाने हात दाखवला नाही म्हणजे मिळवली. तुमचं वाचून वडिलांना सांगितलं, तर म्हणाले खारट लागलं म्हणजे बाई सुटली.

---

खवचट_खंडू | १५ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

बाकी सगळं उत्तम. पण रस्सा खारट कुठला, ते तर सांगा. या रविवारी पाहुणे येणार आहेत.

---

गोदाकाठची | १५ ऑक्टोबर, दुपारी १.१२

सांगणार नाही. नाशिकमधे मिसळीच्या जागेचं नाव घेतलं की दोनशे प्रतिसाद पडतात आणि धाग्याची वाट लागते.